संसदेत झाले काय, ते वाचायचे कुठे?

आपल्या सीमाभागात १९५६ हे साल घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखे आहे. लग्नाची पंगत असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो की बेळगावच्या चन्नम्मा चौकाजवळचा चहाचा गाडा असो, गप्पा रंगल्या की ते येऊन बसतेच. ज्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात, तिथे या सालाच्या गोष्टीही दोन असतात. एक वडिलांच्या घरची, दुसरी आजोळची. दोन्ही मनापासून सांगितल्या जातात आणि दोन्हीकडे एक वाक्य हमखास येते, "संसदेत तसे ठरले होते."

नेमके काय ठरले होते? ते कुठल्या कागदावर आहे? हा प्रश्न आला की दोन्ही घरे गप्प होतात.

मी राज्यशास्त्र शिकवतो. अशा दुभाषी घरांतली मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात. मागे निपाणीकडच्या एका मुलीने प्रकल्पासाठी हाच विषय घेतला होता. तिचे काका म्हणत, "संसदेनं आपल्याला कधी विचारलंच नाही." गोकाकचे मामा म्हणत, "महाजन आयोगाचा निकाल लागलाय, आता काय राहिलं?" मुलगी बिचारी मध्ये सापडली. "सर, काका खोटं बोलत नाहीत, मामापण बोलत नाहीत. मग मी लिहू काय?" मी तिला म्हटले, "दोघांचं लिहून ठेव. मग मूळ कागद काढ आणि दोघांच्या शेजारी ठेव."

ते मूळ कागद कोणते, कुठे मिळतात आणि वाचताना कुठे पाय घसरतो, हेच आज सांगायचे आहे. पूर्वी यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागे. आता पुष्कळसे घरबसल्या मिळते, आणि तेही फुकट.

चार कागद, चार कामे

संसदेशी संबंधित कागद साधारण चार जातींचे असतात. आयोगाचा किंवा समितीचा अहवाल, विधेयक, सभागृहातली चर्चा आणि अधिनियम. अहवाल शिफारस करतो. विधेयक म्हणजे सरकारने किंवा एखाद्या सदस्याने सभागृहापुढे ठेवलेला प्रस्ताव. चर्चेत कोण काय म्हणाले ते कळते. आणि राष्ट्रपतींची संमती मिळालेला अधिनियम, म्हणजे आपण ज्याला कायदा म्हणतो, तो प्रत्यक्ष लागू पडतो. चौघांची कामे वेगळी आहेत. आपल्याकडच्या निम्म्या वादांचे मूळ एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्यात आहे. मामा अहवालाला कायदा समजतात, काका कुणा खासदाराच्या भाषणाला सरकारचे वचन समजतात, आणि वर्तमानपत्रातली जुनी बातमी तर दोघेही ग्रंथवचनासारखी मानतात.

अधिनियमापासून सुरुवात

आधी कायदा वाचावा. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. १९५६ चा राज्य पुनर्रचना अधिनियम तिथे मिळतो. तो त्या वर्षीचा ३७ वा कायदा. ३१ ऑगस्ट १९५६ ला तो झाला आणि १ नोव्हेंबरला नवी राज्ये अस्तित्वात आली. हे दोन दिवस वेगळे आहेत, हे आधी टिपून ठेवावे. कायदा झाल्याची तारीख आणि तो अमलात आल्याची तारीख एकच असते असे नाही.

आपल्याशी संबंध आहे तो कलम ७ चा. नव्या म्हैसूर राज्यात कोणकोणता मुलूख जाणार याची त्यात यादी आहे. त्यात चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा, शिवाय विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे येतात. हे चारही तेव्हाच्या मुंबई राज्यातले. कलम एवढे छोटे आहे की वाचून झाल्यावर मुले विचारतात, "एवढंच?" हो, एवढेच. त्यात निपाणीचे नाव नाही, खानापूरचे नाही. मराठी-कन्नड हे शब्द नाहीत. 'महाराष्ट्र' नाही आणि 'कर्नाटक'ही नाही, कारण त्या दिवशी या दोन्ही नावांची राज्ये नव्हती. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, मुंबई पुनर्रचना अधिनियमाने. म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ ला. "आपण महाराष्ट्रातून कर्नाटकात आलो" हे वाक्य दोन्ही घरांत चालते, पण कायद्याच्या भाषेत आपला जिल्हा मुंबईतून म्हैसुरात आला. फरक लहान वाटेल. पण जुने कागद शोधताना याच नावांनी शोधावे लागते.

याच कायद्यात आणखी एक शिकण्यासारखी जागा आहे. कलम १५ मध्ये देशाचे पाच विभाग करून प्रत्येकाला विभागीय परिषद दिली आहे, आणि कलम २१ प्रमाणे सीमातंटे व भाषिक अल्पसंख्याक हे विषय परिषदेपुढे चर्चेला येऊ शकतात. आज कलम १५ उघडले तर कर्नाटक दक्षिण विभागात दिसते आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात. मग प्रश्न पडतो, दोघे एका परिषदेत नाहीत तर सीमेचा विषय एकत्र चर्चेला येणार कसा? १९५६ चा मूळ मजकूर पाहिला की उलगडा होतो. त्यात पश्चिम विभागात दोनच राज्ये होती, मुंबई आणि म्हैसूर. पुढच्या दुरुस्त्यांनी मांडणी बदलली.

इंडिया कोडवर दुरुस्त्या करून अद्ययावत केलेला मजकूर असतो. आजचा हक्क पाहायचा असेल तर तोच वाचावा. इतिहास पाहायचा असेल तर त्या वर्षीचे राजपत्र, म्हणजे गॅझेट, काढून मूळ मजकूर वाचावा. अद्ययावत मजकुराच्या तळटिपांत कुठल्या सालच्या कुठल्या कायद्याने काय बदलले हे दिलेले असते. तळटीप वगळून कायदा वाचणे म्हणजे उताऱ्यावरचे फेरफार न बघता जमीन घेणे.

विधेयक वेगळे, कायदा वेगळा

एप्रिल १९५६ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत मांडले, तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई अशी तीन वेगळी घटके होती. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, परत आले, आणि ऑगस्टमध्ये लोकसभेतच दुरुस्ती होऊन तिघांचे मिळून एक मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले. म्हणजे एप्रिलचे विधेयक वाचून कोणी "कायद्यात महाराष्ट्र होता" म्हटले तर ते चूक, आणि कायदा वाचून "महाराष्ट्राचा विचारच नव्हता" म्हटले तर तेही चूक.

हा फरक पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या हद्दी बदलणारे विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी पाठवतात. मुंबई विधिमंडळाने मत दिले ते तीन घटकांच्या योजनेवर. मग बदललेल्या योजनेवर पुन्हा मत घ्यायला नको होते का, असा बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यातला मुद्दा. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितले की दुरुस्ती झाल्यावर नव्याने विचारणे बंधनकारक नाही.

इथे काकांच्या वाक्याचे उत्तर अर्धे सापडते. अनुच्छेद ३ मध्ये लोकांचे मतदान घेण्याची अट नाही. विधिमंडळाला विचारायचे असते, आणि त्याचे मत संसदेवर बंधनकारक नसते. तेव्हा आपल्या भागातले आमदार त्या विधेयकावर काय बोलले हे दिल्लीच्या कागदांत शोधून मिळणार नाही. ते मुंबई विधिमंडळाच्या १९५६ च्या कामकाजात आहे.

नावांचाही एक चकवा आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी महत्त्वाची असलेली सातवी घटनादुरुस्ती १९५६ ची. पण "सातवी दुरुस्ती विधेयक" म्हणून तिची चर्चा शोधायला गेलात तर हाती लागणार नाही, कारण ते विधेयक मांडले गेले 'नववी दुरुस्ती विधेयक' या नावाने. विधेयकांचा क्रम आणि मंजूर कायद्यांचा क्रम वेगळा चालतो. म्हणून आधी त्याची तारीख शोधावी आणि नावाकडे मग वळावे.

चर्चा वाचायची तर

लोकसभेच्या चर्चा 'पार्लमेंट डिजिटल लायब्ररी' या संकेतस्थळावर आहेत. १९५२ पासूनची लोकसभा, त्याआधीची हंगामी संसद, संविधान सभा, इतकेच काय, ब्रिटिश अमदानीतल्या विधान परिषदांचे खंडही स्कॅन करून ठेवलेले आहेत. राज्यसभेच्या चर्चांसाठी वेगळी सोय आहे. संविधान सभेचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५० पर्यंतचे आहे.

मुले पहिल्यांदा शोधखिडकीत 'बेळगावी' टाकतात आणि हात हलवत परत येतात. शहराचे नाव इंग्रजीत 'बेळगावी' झाले १ नोव्हेंबर २०१४ ला. त्याआधीच्या कागदांत जुने इंग्रजी स्पेलिंग वापरावे लागते. निपाणीच्या स्पेलिंगात कुठे एक 'पी', कुठे दोन. कर्नाटक हवे असेल तर १९७३ च्या आधी 'म्हैसूर' म्हणून शोधावे. शिवाय जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेला मजकूर पुष्कळदा बिघडलेला असतो. म्हणून चांगला मार्ग हा की वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून तारीख काढायची, त्या दिवसाचा खंड उघडायचा आणि पाने उलटायची. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावरची लोकसभेतली चर्चा डिसेंबर १९५५ मधली आहे. काकासाहेब गाडगीळ त्यात बोलले होते. विधेयकावरची चर्चा १९५६ च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत वाचावी. बेळगावचे खासदार ब. ना. दातार त्या काळात गृहखात्याच्या मंत्र्यांपैकी एक होते. त्यांचे नाव या खंडांत दिसले की आपल्या मुलांना संसद एकदम जवळची वाटू लागते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

त्या काळातले लोकसभेचे खंड दोन भागांत आहेत. पहिल्या भागात प्रश्नोत्तरे, दुसऱ्यात बाकीचे कामकाज. पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असतो. संदर्भ देताना तारीख आणि स्तंभ क्रमांक लिहिला की दुसरा माणूस नेमक्या ओळीवर येऊन पोहोचतो. कुठे "कामकाजातून काढून टाकले" अशी खूण दिसली तर अध्यक्षांच्या आदेशाने ते शब्द वगळलेले आहेत असे समजावे. अलीकडच्या चर्चांचा त्याच दिवशी दिला जाणारा मजकूर कच्चा असतो. लिहायचे असेल तर पुढे निघणारी पक्की प्रत पाहावी.

प्रश्नोत्तरे तर सोन्याची खाण आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न निघतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते, आणि आकडेवारी बहुधा तिथेच असते. "माहिती गोळा करण्यात येत आहे, ती सभागृहापुढे ठेवली जाईल" असे उत्तर आले तर निराश होऊ नये. अशा उत्तराला आश्वासन मानतात. तीन महिन्यांत ते पुरे करावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. म्हणजे पुढच्या अधिवेशनांच्या कागदांत त्या उत्तराचा उरलेला भाग शोधता येतो.

जे विधेयक कायदा झालेच नाही, तेही या चर्चांतच सापडते. शहापूरच्या नाथ पै चौकातून आपण रोज जातो. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते; जानेवारी १९७१ मध्ये बेळगावातच त्यांचे निधन झाले. मूलभूत हक्कांना धक्का लागेल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल गोलकनाथ खटल्यात फेब्रुवारी १९६७ मध्ये लागला. त्यानंतर संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट करण्यासाठी नाथ पैंनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. इंडिया कोडमध्ये ते शोधून सापडणार नाही. पण त्यावरच्या चर्चा संसदेच्या खंडांत आहेत, आणि १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने पुढे तीच वाट धरली. कुठलीही बाजू घ्या, पण चौकाच्या पाटीवरचे नाव सभागृहात कसे बोलत असे ते एकदा मुलांना वाचून दाखवा.

अहवालांचे वजन किती?

राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सदस्य. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांनी अहवाल दिला. आयोगाकडे १,५२,२५० लेखी निवेदने आली आणि नऊ हजारांहून अधिक लोकांशी त्यांनी बोलणी केली. चंदगड सोडून बेळगाव जिल्हा कन्नड राज्याला द्यावा, ही शिफारस त्याच अहवालातली. पुढे कलम ७ मध्ये ती उतरली. म्हणजे कायदा 'काय' ते सांगतो, 'का' ते अहवालात शोधावे लागते. आयोगाची कारणे पटोत वा न पटोत, ती त्यांच्याच शब्दांत वाचलेली बरी.

महाजन आयोग नंतरचा. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा हा एकसदस्य आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच, अशा त्याच्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने तो नाकारला. कर्नाटक तो मान्य करावा म्हणते. मामा म्हणतात तसा तो 'निकाल' नव्हे. आयोग शिफारस करतो. हद्द बदलायची तर अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचा कायदाच लागतो, आणि या अहवालावर तसा कायदा झालेला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो मूळ दावा क्रमांक ४. त्याचा अंतिम निकाल अद्याप यायचा आहे. एवढी चार वाक्ये दोन्ही घरांना मान्य झाली तरी पुढची चर्चा खालच्या आवाजात होऊ शकेल.

याचा घराशी काय संबंध?

कोणी म्हणेल, सर, हे सगळे परीक्षेपुरते ठीक आहे. तसे नाही. तीन उदाहरणे देतो.

पहिले जमिनीचे. आपल्या भागातल्या जुन्या कागदांवर 'मुंबई कायदा' असे शब्द दिसतात आणि तरुण मंडळी बुचकळ्यात पडतात. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे मुलूख दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथे आधीपासून लागू असलेले कायदे, बदल होईपर्यंत, तसेच चालू राहिले. त्यामुळे १९४८ चा मुंबई कूळकायदा आपल्या भागात १९५६ नंतरही चालू होता. पुढे कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणून कुळाच्या जुन्या कागदावर आधी तारीख पाहावी आणि त्या दिवशी कुठला कायदा लागू होता हे शोधावे. कर्नाटकाच्या कायद्यांत 'बेळगाव एरिया' असा शब्द भेटतो, तो याच जुन्या मुंबई भागासाठी.

दुसरे निपाणीच्या विडी कामगार बायकांचे. त्यांच्यासाठी संसदेने १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. पण तो कुठल्या राज्यात कधी लागू व्हायचा, हे त्या त्या राज्य सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे होते. म्हणजे अधिनियमाबरोबर अधिसूचना आणि नियम हेही शोधावे लागतात. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने तो कायदा रद्द करून त्याची जागा घेतली. ही संहिता मंजूर झाली सप्टेंबर २०२० मध्ये आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच वर्षे कोणता कायदा चालू होता? जुनाच. नुसती 'संहिता मंजूर' ही बातमी वाचणाऱ्याचा इथे घोटाळा होतो.

तिसरे शाळेचे. सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क आणि ३५०-ख हे अनुच्छेद आले. पहिल्यात, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा असे म्हटले आहे. दुसऱ्याप्रमाणे यावर देखरेख ठेवायला केंद्राचा विशेष अधिकारी असतो आणि त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. हे अहवाल राज्यवार असतात. बेळगावातल्या मराठी शाळांसाठी ते जितके कामाचे, तितकेच सोलापूर-सांगलीकडच्या कन्नड शाळांसाठी. आपल्या घरातली अर्धी माणसे इकडे अल्पसंख्य, तर उरलेली अर्धी तिकडे. तेव्हा हा कागद कुणा एकाच्या बाजूचा नाही.

दोन भाषांचा फायदा आणि फसगत

आपल्या मुलांना एक लाभ आहे. कायद्याचा मजकूर ती मराठीत आणि कन्नडमध्ये ताडून पाहू शकतात. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने संविधान आणि अनेक केंद्रीय कायदे मराठीत आणले आहेत. संविधान कन्नडमध्येही आहे. मात्र शब्द सारखे दिसले म्हणून अर्थ सारखा धरू नये. मराठीत 'मसुदा' म्हणजे कच्चा खर्डा. कन्नडमध्ये 'मसूदे' म्हणजे विधेयक. मराठी कायद्यात 'प्रकरण' म्हणजे अनेक कलमांचा गट. कन्नड कायद्यात 'प्रकरण' म्हणजे एक कलम. 'प्रकरण ७ बघा' असे मामांनी सांगितले आणि भाच्याने मराठी प्रत उघडली, तर तो भलत्याच पानावर जाणार. आपले 'शासन' म्हणजे सरकार, त्यांचे 'शासन' म्हणजे कायदा किंवा शिलालेख, आणि 'शासक' म्हणजे आमदार. 'तिद्दुपडी' ही दुरुस्ती. अशी एक छोटी शब्दयादी वहीच्या मागच्या पानावर करावी. आज्जीला विचारून केली तर आणखी उत्तम. शंका राहिलीच तर इंग्रजी प्रत शेवटची मानावी, कारण अनुच्छेद ३४८ प्रमाणे केंद्रीय कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजीत असतो.

आता कुठे जायचे?

घरी इंटरनेट असेल तर क्रम असा ठेवा. कायद्यासाठी इंडिया कोड, मूळ मजकूर व अधिसूचनांसाठी भारताचे राजपत्र, चर्चा व प्रश्नांसाठी पार्लमेंट डिजिटल लायब्ररी आणि संसदेचे संकेतस्थळ. मंत्रालयांच्या जुन्या फायली कुठल्या आहेत हे पाहायला राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे. कर्नाटकाच्या कायद्यांसाठी राज्याच्या संसदीय कामकाज व विधी विभागाचे संकेतस्थळ पाहावे.

पडद्यावर वाचून डोळे दमत असतील तर ग्रंथालय गाठावे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचे, आणि बेळगावातल्या विधी महाविद्यालयाच्या कपाटांत कायद्याची जुनी पुस्तके. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तर जुने सरकारी अहवाल स्कॅन करून खुले केले आहेत. जाताना विषय सांगू नये, कागद सांगावा. "सीमाप्रश्नावर काही आहे का?" विचारले तर ग्रंथपाल चार पुस्तके काढून देतील. "राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल हवा" म्हटले तर तोच हाती येईल.

आणि जे कुठेच छापलेले नाही, म्हणजे एखादी अधिसूचना किंवा कार्यालयातला आदेश, त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. केंद्राच्या कार्यालयासाठी शुल्क दहा रुपये. अर्जात 'का' विचारू नये. अमुक तारखेच्या अमुक कागदाची प्रत द्या, एवढेच लिहावे.

पालकांना एक सुचवतो. येत्या सुट्टीत मुलांना घरातल्या दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांकडे, अज्ज-अज्जीकडे बसवा आणि १९५६ बद्दल ते जे सांगतील ते त्यांच्याच भाषेत लिहून घ्यायला लावा. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. मग कलम ७ एका कागदावर उतरवून शेजारी ठेवा. आजोबांच्या बोलण्यातल्या गोष्टी कलमात सापडणार नाहीत. त्या दिवशी गावात काय वाटले, कोण रडले, कोणी पेढे वाटले, शाळेत पहिल्यांदा दुसरी लिपी कधी आली, हे कुठल्याच राजपत्रात नसते. आणि कलमात जे आहे ते आजोबांना बहुधा कुणी वाचून दाखवलेले नसते. दोन्ही कागद एकाच फायलीत लावा आणि फायलीवर तारीख घाला. पुढच्या पिढीला ती शोधावी लागणार नाही.